उजेड कुठून टाकू?

‘रिअलिस्टिक’ या शब्दाने मला अलीकडे फार छळलं आहे. फोटोत रिअलिस्टिक सनलाइट कसा टाकायचा, असं यूट्यूबवर शोधून बघा. मराठीत, हिंदीत, तेलुगूत, हव्या त्या भाषेत शिकवणारे भेटतील. मोबाइलवर शिकवणारे, लॅपटॉपवर शिकवणारे, पाच मिनिटांत शिकवणारे. सगळ्यांच्या हातून शेवटी तयार होणारा फोटो मात्र एकच: वरच्या डाव्या कोपऱ्यातून केशरी झोत, केसांच्या कडेने सोनेरी रेघ, मधून दोन-चार धुरकट पट्टे, आणि खाली जमिनीवर काहीच नाही. सावली आधी जिथे होती तिथेच पडून. सूर्य जागचा हलला, पण सावलीला कुणी कळवलंच नाही. आणि कमेंट्समध्ये लोक लिहितात, ‘भावा, एकदम रिअलिस्टिक!’

कशासारखा रिअलिस्टिक? अंगणातल्या उन्हासारखा म्हणाल तर अजिबात नाही. काल रात्री स्क्रोल करताना जे शंभर फोटो डोळ्यांखालून गेले, त्यांतल्या उन्हासारखा. आपण ‘खरं वाटतंय’ म्हणतो तेव्हा डोक्यात तुलना त्या शंभर फोटोंशी चाललेली असते. खिडकीबाहेर बघण्याचे कष्ट कुणी घेतलेले नसतात.

माझा धंदा आधीच सांगते, मागून कुणी उकरून काढायला नको. मी रिटचर आहे. लग्नांचे, साखरपुड्यांचे, डोहाळजेवणांचे फोटो माझ्याकडे येतात. फोटोग्राफर फाइल्स ड्राइव्हवर टाकतात, मी रात्री जेवणं उरकली की बसते आणि त्या फोटोंत उजेड घालते, काढते, इकडचा तिकडे करते. रोज, पैसे घेऊन. त्याची मला लाज नाही. त्यामुळे ‘फिल्टर वाईट, ओरिजिनल चांगलं’ या चालीचं काही वाचायला आला असाल तर निराशा होईल. ‘नो फिल्टर’ लिहून फोटो टाकणाऱ्यांची मला गंमत वाटते. तुमच्या फोनने तुमच्या नकळत अनेक फ्रेम एकावर एक रचून सावल्या उजळलेल्या असतात आणि आभाळ आवरलेलं असतं. फिल्टर तिथेच लागला, तुम्हाला न विचारता.

आणि हे आजचं नाही. गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर १८५०च्या दशकात समुद्राचे फोटो काढत असे. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर निळा रंग फार पटकन उमटायचा. समुद्र नीट यावा इतका वेळ लेन्स उघडी ठेवली की आभाळ पांढरंफटक. मग तो समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी घेऊन दोन्हींचा मिळून एक प्रिंट करायचा. फोटोशॉपमध्ये २०२० साली ‘स्काय रिप्लेसमेंट’ आलं, त्याचे हे पणजोबा.

पण माझा खरा आदर्श सुब्रत मित्र. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’चे (१९५६) ते कॅमेरामन. त्यातलं मधे चौक असलेलं बनारसचं घर कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेला सेट होता, कारण पावसाची धास्ती होती. मित्रांपुढचा पेच असा: अशा चौकात ऊन थेट उतरत नाही. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून उजेड झिरपतो, भिंतींवर आपटत खाली येतो, त्याची ठळक सावली पडत नाही. स्टुडिओतले दिवे तर ठळक सावल्या पाडण्यात वाकबगार. त्यांनी सेटच्या वर, जिथे आभाळ असायला हवं तिथे, पांढरं कापड ताणून बसवलं आणि दिवे त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला उजेड चौकात उतरला. हा उजेड शंभर टक्के नकली होता आणि शंभर टक्के बनारसच्या चौकातला होता. मला उजेड टाकणाऱ्यांची वंशावळ लिहायला सांगितली तर मी त्या कापडापासून सुरुवात करेन.

मित्रांनी आधी ठरवलं, उजेड कुठून येतो. मग टाकला. आमच्या धंद्यात हल्ली नेमकं एवढंच गळून पडलंय. फोटोग्राफरचा मेसेज येतो, ‘ताई, जरा लाइट टाका.’ मी उलट विचारते, ‘कुठून?’ बहुतेकांना हा प्रश्न खवचट वाटतो. काहींना वाटतं, पैसे वाढवायची ही माझी पद्धत आहे.

प्रश्न साधा आहे. उजेडाला पत्ता असतो. तो कुठे आहे, किती लांब आहे आणि केवढा आहे, या तीन गोष्टींवर त्याचं सगळं वागणं ठरतं. बल्बपासून चेहरा दुप्पट लांब गेला की त्याच्यावर पडणारा उजेड चौथाई उरतो. म्हणून दिव्याशेजारची मावशी झगझगीत आणि मागच्या रांगेतले काका अंधारात. सूर्य इतका लांब की त्याला पुढची रांग काय आणि मागची काय, सारखीच. आता कोपऱ्यात ‘सूर्य’ ठेवून त्याचा उजेड चार फुटांत विझवून टाकलेले फोटो आठवा. तो सूर्य नसतो, केशरी बल्ब असतो. शिवाय सूर्य म्हणजे ठिपका नव्हे; आभाळात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश भरते. त्यामुळे एक मीटर अंतरावरच्या वस्तूच्या सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट होते. उद्या सकाळी उन्हात उभं राहून स्वतःची सावली बघा. पायाशी धारदार, डोक्याशी मऊ. हे एकदा पाहिलं की खोटी सावली रस्त्याच्या पलीकडच्या होर्डिंगवरही ओळखू येते.

किरणांच्या पट्ट्यांचं तसंच. स्वच्छ हवेत किरण बाजूने दिसत नाही. दिसायला त्याच्या वाटेत काहीतरी यावं लागतं: धूळ, धूर, धुकं. काचेच्या कौलातून स्वयंपाकघरात उतरणारा पट्टा दिसायचा तो चुलीच्या धुरामुळे. आपल्या भाषेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. गोरज मुहूर्त म्हणतो आपण. गो आणि रज, गाई घरी परतताना उडणारी धूळ. लग्नाच्या वेळेच्या नावातच धूळ आहे. आता गोरज मुहूर्तावरच्या लग्नाचे फोटो येतात ते लॉनवरचे. हिरवळीवर नुकतं पाणी मारलेलं, हवेत कण नाही, आणि मला सांगतात, किरणांचे पट्टे टाका. टाकायचे कशावर? मग आधी धूळ टाकावी लागते. हो, धुळीचे लेयर वेगळे विकत मिळतात.

खिडकीच्या सावल्यांचे ओव्हरले तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिले असतील. चेहऱ्यावर आडव्या पट्ट्यांची तिरपी सावली, कसलं तरी महागडं ब्लाइंड लावलेल्या खिडकीतून आल्यासारखी. आमच्याकडे सांगली-साताऱ्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना उभे गज असतात. नव्या घरांत ग्रिल असते, चौकटीचौकटींची, मधे एखादं स्वस्तिक. डासांची जाळी बसवलेली असली तर सगळी सावली राखाडी आणि गाळलेली. या खिडक्यांचे ओव्हरले कुणी बनवत नाही. म्हणून नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या मुलीच्या गालावर भलत्याच देशाची खिडकी येऊन बसते. आणि पानांच्या सावल्या! झाडाखाली पडलेले कवडसे बघा. पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा बहुतेक वेळा गोल येतो, कारण तो सूर्याचं लहानसं चित्र असतो. ग्रहण लागलं की तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. ओव्हरलेमधली पानं मात्र कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. कवडसा हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेत वाढलेल्यांनी तरी ही चूक करू नये, असं मला वाटतं. कवडसा, तिरीप, झुंजुमुंजू, कोवळं ऊन, रणरणतं ऊन, कलती उन्हं, तिन्हीसांजा, पिठूर चांदणं. ॲपमध्ये या सगळ्यांसाठी एकच बटण असतं, ‘गोल्डन आवर’.

हा गोल्डन आवर तरी आपला आहे का? उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरपा उतरतो. मार्चमध्ये क्षितिजापासून ६ अंश वर असलेला सूर्य बुडायला लंडनच्या अक्षांशावर ४० मिनिटांच्या आसपास लागतात, सांगलीत २५. डिसेंबरात तर लंडनला भर दुपारीही सूर्य १५ अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे तिकडच्या फोटोग्राफरच्या वाट्याला तिरपं, लांब सावल्यांचं ऊन आपल्यापेक्षा कितीतरी जास्त येतं, आणि त्याने ते प्रीसेटमध्ये भरून जगाला विकलं यात त्याचा दोष नाही. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. कोल्हापूर-सांगलीकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर. शाळेतली पोरं मैदानात काठी उभी करून शून्य सावली दिवस बघतात तो हाच. दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं, कुणाला पत्ता लागत नाही.

मे म्हणजे ऐन लगीनसराई. मुहूर्त साडेबाराच्या आसपासचा. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीची मिशी, मुंडावळ्यांच्या मोत्यांची सावली थेट गालांवर, बाहेर पंगतीला उभ्या असलेल्यांचे डोळे किलकिले. हे आपल्या लग्नांचं ऊन आहे. त्यात मांडवाचं कापड. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेल्या उजेडात अख्खं वऱ्हाड गुलाबी-केशरी दिसतं, भटजींच्या पांढऱ्या उपरण्यासकट. माझ्याकडे येणाऱ्या फाइल्सवर पहिली सूचना असते, ‘मांडवाचा कास्ट काढा, गोल्डन टोन द्या.’ म्हणजे मे महिन्यातल्या साडेबाराच्या लग्नातून मे काढायचा, साडेबारा काढायचे, मांडव काढायचा आणि ऑक्टोबरातली कुठली तरी परदेशी संध्याकाळ बसवायची. थोडा कास्ट कमी करायला माझी हरकत नाही. नवरीचा चेहरा नारिंगी दिसू नये हे मलाही कळतं. पण सगळा काढला तर तुमच्या आत्याचं लग्न आणि माझ्या मावसभावाचं लग्न एकाच हॉलमध्ये, एकाच संध्याकाळी लागल्यासारखी दिसतात. हल्ली अल्बम उलगडताना तसंच होतं, तुम्हीही बघितलं असेल.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई आवडीनिवडीवर भांडते आहे. तसं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं.

‘लाइट टाका’ या दोन शब्दांचा अर्थ कितीदा तरी उजेड नसतोच. मुलगी सावळी असते, हा असतो. नवरदेव कितीही काळा असो, त्याच्यावर लाइट टाकायचा निरोप क्वचित येतो. ‘गोरी करा’ असं आता कुणी लिहीत नाही. त्याचा स्क्रीनशॉट निघू शकतो. म्हणून ‘ब्राइडला ग्लो द्या’, ‘फेसवर सॉफ्ट लाइट’, ‘जरा फ्रेश करा’. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. आमच्या धंद्याची भाषाही त्याच वळणाने गेली. रंगाचा हट्ट होता तसाच आहे, फक्त तो आता उजेडाच्या नावाने मागितला जातो.

लग्नाच्या बायोडेटासाठीचे फोटो माझ्याकडे येतात तेव्हा मी सावध होते. एका आईने मला फोन करून सांगितलं होतं, ‘अगं, खोटं काही करू नकोस. फक्त ती जरा उजेडात उभी असल्यासारखी दिसू दे.’ फोटो माझ्यासमोर उघडा होता. मुलगी उजेडातच उभी होती. गच्चीवर, फेब्रुवारीतल्या सकाळच्या उन्हात, मागे वाळत घातलेली चादर पांढरीशुभ्र. उजेड भरपूर होता आणि मुलगी सावळी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे त्या माउलीला मान्यच नव्हतं. सावळेपणा म्हणजे उजेडाची कमतरता, असं तिच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की त्यात आपण काही वाईट मागतोय असंही तिला वाटलं नाही.

आता यंत्राने हे काम फार सोपं केलंय. लाइटरूममध्ये २०२२पासून माणूस ओळखून त्याचे तुकडे निवडता येतात: चेहऱ्याची त्वचा वेगळी, अंगाची वेगळी, भुवया, बुबुळं, ओठ, दात सगळं वेगवेगळं. चेहऱ्याची त्वचा निवडा, एक्स्पोजर वर सरकवा, झाली मुलगी ‘उजेडात’. नीती-अनीती बाजूला ठेवू. नुसतं काम म्हणून बघितलं तरी हे भिकार काम आहे. खरा उजेड सावळ्या त्वचेवर असा पडत नाही. तो कपाळावर, गालाच्या हाडावर, गळ्याच्या खळगीच्या कडेला झळकतो, आणि बाकीची त्वचा आपल्या रंगात राहते. त्या दोहोंतल्या फरकामुळे चेहऱ्याला घडण येते. सावळ्या गळ्यात सोन्याची साखळी कशी उठून दिसते, ते आठवा. मधला रंगच वर सरकवला की चमक आणि त्वचा यांच्यातलं अंतर संपतं, आणि चेहरा पिठीत बुडवून काढल्यासारखा होतो. खाली मान तशीच, कान तसेच, हात तर मेंदीसकट वेगळ्याच बाईचे.

मी त्या मुलीच्या फोटोत उजेड बाजूने आणला. मोठा, मऊ, गच्चीच्या शेजारी पांढरी भिंत असती तर आला असता तसा. डोळ्यांखालची सावली निवळली, गालावर चमक आली, रंग तिचा होता तोच राहिला. आईंनी तो फोटो घेतला नाही. दुसरीकडून करून घेतला असणार, करून देणारे पुष्कळ आहेत. तो फोटो ज्या घरी गेला असेल तिथे ती मुलगी एक दिवस पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली असेल, आणि फोटो व ती यांच्यात जे काही अंतर दिसलं असेल त्याचा जाब फोटोला कुणी विचारला नसेल.

उजेडाने माणूस गोरा होतो ही समजूत ज्यांची आहे त्यांनी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघावं. नेटवर सगळीकडे आहे, आणि अनेक ठिकाणी राजा रविवर्म्याच्या नावावर आहे. ते सा. ल. हळदणकरांचं, सावंतवाडीत जन्मलेल्या आपल्या चित्रकाराचं, आणि जलरंगातलं आहे. त्यांच्या मुलीला समोर उभं करून काढलेलं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. त्या आडोशाच्या बोटांच्या कडा बघा, तांबूस पेटल्यासारख्या. उजेड बोटांवर पडून थांबलेला नाही, कातडीत शिरून पलीकडे आलाय. फोनचा टॉर्च लावून त्यावर बोटं ठेवा, तोच तांबडा दिसेल, मग तुमचा रंग कुठलाही असो. हळदणकरांनीही तो उजेड कागदावर ‘टाकलेला’च आहे. पण दिवा कुठे आहे, हात कुठे आहे, पदराची कुठली चुणी उजळेल आणि कुठली नाही, हे सगळं बघून टाकलाय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं मला माहीत आहे, कारण माझा धाकटा भाऊ ते रोज म्हणतो: एवढं काय मनावर घ्यायचं, स्टोरी तर आहे, २४ तासांत जाते. ठीक. एखादी स्टोरी जाते. पण डोळ्यांना लागलेली सवय जात नाही, आणि तिची किंमत भलत्याच माणसांना मोजावी लागते. २०१३मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला पॉल हान्सेन यांचा फोटो काढून बघा. नोव्हेंबर २०१२, गाझा शहर. इस्रायलच्या हवाई हल्ल्यात मारल्या गेलेल्या दोन लहान मुलांना कफनात गुंडाळून त्यांचे काका एका अरुंद गल्लीतून नेत आहेत. गल्लीत वरून तिरपा उजेड आलाय, चेहऱ्यांवर पडलाय. तो उजेड लोकांना सिनेमासारखा वाटला. काही महिन्यांत आरोप झाला की हा एक फोटो नाहीच, अनेक फोटो जोडलेत. आयोजकांनी मूळ फाइल मागवून तज्ज्ञांकडून तपासून घेतली. निष्कर्ष असा आला की रंग आणि उजेड-अंधार यांत काही ठिकाणी हात फिरवलेला आहे, जोडाजोडी नाही. फोटो खरा आहे. पण तोवर चर्चा मुलांवरून उजेडावर गेली होती.

यात हान्सेन यांनी रंगछटा किती ताणाव्यात, यावर वाद घालता येईल. मी स्वतः इतक्या ताणल्या नसत्या. पण मला टोचतं ते वेगळंच. भिंतींवर आपटून चेहऱ्यांवर परतणारा असा उजेड अरुंद गल्ल्यांत खरोखर पडतो. मित्रांनी कापड ताणून मिळवला तो याच जातीचा. तो खरा दिसतो तेव्हाही आपल्याला खोटा वाटतो, कारण प्री-वेडिंगपासून बिर्याणीच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यांवर आपण तसलाच उजेड ओतून ठेवलाय. सेल्फीवर टाकलेला फुकटचा सूर्य कुठे जाऊन कुणाच्या साक्षीवर संशय उभा करेल, हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

यंत्राला मी शिव्या देणार नाही. उलट यंत्र बनवणाऱ्यांनी ‘कुठून’ या प्रश्नावर आपल्यापेक्षा जास्त मेहनत घेतली आहे. गूगलने २०२०मध्ये पिक्सेल फोनमध्ये ‘पोर्ट्रेट लाइट’ आणलं. त्यासाठी त्यांनी ६४ कॅमेरे आणि ३३१ दिवे बसवलेला एक गोल पिंजरा वापरला, त्यात ७० वेगवेगळ्या माणसांना बसवलं आणि एका वेळी एकच दिवा लावून प्रत्येकाचे फोटो घेतले. कुठल्या दिशेच्या दिव्याने नाकाची सावली कुठे पडते, हे यंत्राला असं शिकवलं. त्यात दिव्याचा ठिपका बोटाने सरकवून उजेडाची जागा बदलता येते. म्हणजे ‘कुठून’ विचारण्याची सोय यंत्राने करून ठेवली आहे. आपण तो ठिपका जिथल्या तिथे ठेवतो आणि फक्त उजेड वाढवतो.

फोटोशॉपचं ‘लेन्स फ्लेअर’ घ्या. बिचारं विचारतं, कुठल्या लेन्सचा फ्लेअर देऊ: ५० ते ३०० मिलिमीटर झूम, ३५ मिलिमीटर, १०५ मिलिमीटर की सिनेमाची लेन्स? कुणीतरी हा प्रश्न विचार करून घातलाय. फोटो ज्या लेन्सने काढला तिचा फ्लेअर निवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जो सगळ्यांत मोठा दिसतो तो घेतात.

मी माझ्यापुरते काही हट्ट धरले आहेत. सूर्य टाकायचा असेल तर सावल्याही हलवायच्या, आणि त्या तासाचे पैसे वेगळे द्यायचे. (हे ऐकून निम्मे सूर्य आपोआप मावळतात.) त्वचेवर एकटीवर उजेड टाकत नाही; टाकायचा तर साडीवर, दागिन्यांवर, मागच्या भिंतीवरही त्याच दिशेने पडेल तेवढाच. मांडवाचा रंग निम्मा ठेवते. आणि तारीख-वेळ विचारते. काही फोटोग्राफर यामुळे सोडून गेले, काही याचसाठी येतात. पोट भरतंय.

सध्या चातुर्मास आहे. लग्नं नाहीत, म्हणून प्री-वेडिंगची कामं सुरू आहेत. परवा कास पठाराकडच्या एका जोडप्याच्या फाइल्स आल्या. सगळीकडे ढग उतरलेले, गवत ओलं, दोघांच्या अंगावर अख्ख्या आभाळाचा मिळून एक राखी, मऊ उजेड, पायाखाली सावलीचा मागमूस नाही. मुलीने हिरवी साडी नेसलीय, आणि ओल्या हवेत तो हिरवा इतका गडद आलाय की मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. असा हिरवा उन्हात मिळत नाही, उन्हात तो पांढुरका पडतो. सोबत फोटोग्राफरची सूचना आहे: ‘स्काय रिप्लेस, सनसेट, रिअलिस्टिक पाहिजे.’ मी त्याला लिहिलंय की सूर्य डावीकडे ठेवला तर दोघांच्या सावल्या उजवीकडे गवतावर काढाव्या लागतील, गवताच्या प्रत्येक पात्याची वेगळी, आणि साडीचा हिरवा बदलावा लागेल. नाहीतर आभाळ आहे तसं ठेवून मी फक्त चेहरे थोडे वर उचलते, निम्म्या पैशात. दोन्हीपैकी काय करू ते कळव. ब्लू टिक आली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.